फिरंगेचे पाते कुठले?

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावघरात एक तलवार बोलीला आली. सरळ, एकधारी पाते, मुठीवर कोफ्तगरी, म्हणजे पोलादात जडवलेली सोन्याची नक्षी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने भरलेला मजकूर : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. नागपूरकर भोसल्यांची तलवार घरी आल्याचा आनंद झाला, ढोल वाजले, छायाचित्रे छापून आली. त्या बातम्यांच्या पोटात एक वाक्य हळूच दडले होते, की तलवारीचे पाते युरोपात घडलेले आहे. ते वाचून बऱ्याच जणांचा विरस झाला. मराठा तलवार म्हणता आणि पाते फिरंग्यांचे, हे कसे?

प्रश्न रास्त आहे, पण विरस होण्याचे कारण नाही. रघूजींच्या कारखान्यातल्या माणसांना पाते कुठले हे पक्के ठाऊक होते आणि ते त्यांनी सोन्याने लिहून ठेवले. ‘फिरंग’, म्हणजे युरोपच्या पात्याची तलवार, हा शब्द तिथे लाजेने नाही, मिरवण्यासाठी आला आहे. जो सरदार १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या करत होता आणि ज्याला हवे ते हत्यार मागवता येत होते, त्याने हे पाते निवडले. ते का निवडले आणि अशा पात्याचे मूळ आज कसे ओळखायचे, याची हकिकत जर्मनीतल्या एका लहान गावापासून सुरू होते.

वुपर नदीच्या काठचे झोलिंगन. आजूबाजूला जंगल, म्हणजे कोळसा. नदीला मिळणारे ओढे, म्हणजे पाणचक्क्या. चक्क्यांवर सहाणेचे मोठे दगड फिरत आणि त्यावर पाती घासली जात. १४०१ साली इथल्या पाणी देणाऱ्या आणि धार लावणाऱ्या कारागिरांच्या संघाला सनद मिळाली. पुढे पाती घडवणारे आणि मुठी बसवणारे यांचेही वेगळे संघ झाले. एकाचे काम दुसऱ्याने करायचे नाही, गाव सोडून जायचे नाही, हुन्नर परक्याला शिकवायचा नाही, अशा शपथा होत्या. अर्थात शपथा मोडल्याही गेल्या. सतराव्या शतकात झोलिंगनचे काही कारागीर लंडनजवळच्या हाउन्स्लो गावी जाऊन राहिले आणि पात्यांवर त्या गावाचे नाव कोरू लागले. पण मुख्य माल झोलिंगनचाच, आणि तो मुख्यतः नुसत्या पात्यांचा. मूठ ज्याची त्याने आपल्या देशी बसवावी. स्कॉटलंडमध्ये त्यावर जाळीदार लोखंडी मूठ चढे, स्पेनमध्ये वाटीसारखी, सुदानात साधी आडव्या दांडीची. तेच पाते चार देशांत चार तलवारी होई.

आपल्याकडे हा माल समुद्रावाटे आला. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, मग चौल आणि वसई इथे त्यांची ठाणी झाली. लिस्बनहून निघणाऱ्या गलबतांत पाती असत. ती स्पेनमधली असत, इटलीतली असत आणि उत्तर युरोपच्या बंदरांतून लिस्बनला पोचलेली जर्मनही असत. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच वखारी आल्या, तेव्हा त्यांनीही हा धंदा केला. सुरतेच्या इंग्रजांनी लंडनला लिहिलेल्या सुरुवातीच्या पत्रांत, कोणता माल इथे खपेल याच्या चर्चेत, पात्यांचा विषय येतो. कोकणातले सावंत, देसाई, विजापूरचे सरदार, दक्षिणेतले नायक ही सगळी गिऱ्हाइके.

यात एक विसंगती आहे आणि ती या इतिहासातली सर्वांत गमतीची गोष्ट आहे असे मला वाटते. जगातले सर्वांत नावाजलेले तलवारीचे पोलाद त्या काळी आपल्याकडेच बनत होते. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून केलेल्या पोलादाच्या वड्या इराणपर्यंत जात. त्यांच्या पात्यांवर पाण्यावरच्या लहरींसारखा जौहर उमटे. मग हिऱ्याच्या खाणीशी राहणाऱ्याने बाहेरून काच का आणावी?

कारण ती काच नव्हती. जौहरदार पाते धारेला अप्रतिम, पण ताठ. फार वाकवले तर वाकलेलेच राहील किंवा वेळ आली तर तडकेल. युरोपचे चांगले पाते वेगळ्या पद्धतीने पाणी दिलेले असे, वाकून पुन्हा सरळ होणारे. ते लांबही असे. घोड्यावरून वार करणाऱ्याला आणि खुपसणाऱ्याला जादा पल्ला मिळे. शिवाय ते शेकड्यांनी, जवळपास एकसारखे मिळे. सरळ पात्याची धोप मराठ्यांच्या हातात इतकी का रुळली, याचे उत्तर बरेचसे या व्यवहारात आहे. आणि दांडपट्टा पाहिला की शंका उरत नाही. पट्ट्याला लवचिक, लांब, पातळ पातेच लागते. संग्रहालयांतल्या जुन्या पट्ट्यांपैकी पुष्कळांची पाती युरोपातली निघतात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ज्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला, त्या हत्याराचा कणा असा परदेशी आहे. पाते मोडले तरी वाया जात नसे. तुकड्याची कट्यार होई. दक्षिणेतल्या सतराव्या शतकातल्या अनेक कट्यारींत युरोपच्या तलवारीचा तुकडा बसवलेला आहे, पात्याच्या अंगावरच्या पन्हळी मध्येच तुटलेल्या दिसतात त्यावरून तो कळतो.

आता ओळखीकडे वळू. तलवार हातात आली की बहुतेक जण पहिल्यांदा मुठीकडे पाहतात आणि तिथेच निकाल देऊन मोकळे होतात. मूठ मराठा घाटाची, म्हणून तलवार अमक्या सरदाराची. मूठ सोन्याची, म्हणून राजाची. जाणकार मूठ आणि पाते वेगवेगळे वाचतो. दोघांचे गाव वेगळे, साल वेगळे. कधी पाते मुठीपेक्षा शंभर वर्षांनी जुने असते, कारण मूठ सैल झाली, मोडली, चालरीत बदलली, की नवी चढे. चांगले पाते मात्र बापाकडून लेकाकडे जाई.

एखादी फिरंग टेबलावर आडवी ठेवून पाहिली तर तिचा जोड दिसतो. युरोपात पात्याचा मुठीत बसणारा निमुळता भाग लांब असे. तो मुठीतून आरपार काढून टोकाला ठोकून पक्का करत. आपल्याकडे तो आखूड ठेवून मुठीत तापलेली लाख ओतून बसवत. म्हणून युरोपचे पाते इथे आले की लोहार आधी तो भाग कापी. पण लांब, लवचिक पात्याचे ओझे नुसत्या लाखेवर टिकत नाही. मग मुठीतून दोन लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर खाली आणून, आरपार खिळे मारून पाते जखडत. पट्ट्यांच्या कडांवर नक्षी असे, पण त्यांचे खरे काम धरून ठेवण्याचे. मुठीच्या वर निघालेला गज दुसऱ्या हाताने धरण्यासाठी. या सगळ्या कामात एखादा छाप अर्धा पट्टीखाली गेला असेल, तर समजायचे की पाते आधी, मूठ मागाहून. रिवेटच्या भोकाने कोरलेल्या अक्षराचे पोट फोडलेले असते, तेही तेच सांगते. असा अर्धवट झाकलेला छाप मला पूर्ण छापापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. लपवण्यासाठी कोणी खोटा छाप मारत नाही.

छापांची दुनिया मोठी आहे आणि फसवी आहे. सर्वांत प्रसिद्ध छाप धावत्या लांडग्याचा. डॅन्यूबकाठच्या पासाऊ शहराचा हा छाप. १३४० मध्ये ड्यूक आल्ब्रेख्तने तिथल्या लोहारांना तो दिला, अशी परंपरा आहे. पात्यात चार-सहा रेघा खोदून त्यात पितळ भरले की झाला लांडगा. गंमत अशी, की झोलिंगनच्या लोहारांनी तो बिनदिक्कत उचलला आणि पुढे पासाऊपेक्षा झोलिंगनचेच लांडगे जास्त धावले. सतराव्या शतकापर्यंत त्याच्या इतक्या कमी रेघा उरल्या, की ओळखीशिवाय तो लांडगा आहे हे कळू नये. कॉकेशसमधल्या लोकांना त्यात माकड दिसले आणि त्या पात्यांना त्यांनी तसेच नाव दिले. शेक्सपियरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकात तलवारीला कोल्हा म्हटले आहे, त्यामागेही हाच प्राणी असावा असे मानतात.

दुसरा छाप कोयत्यांच्या जोडीचा. दोन अर्धवर्तुळे समोरासमोर, बाहेरच्या कडेला बारीक दाते, टोकांना ठिपके. पापण्यांसारखे दिसते म्हणून काही जण त्याला पापणीचा छाप म्हणतात. तो जिनोआशी जोडला जातो आणि कधी त्याच्या सोबत त्या शहराचे नावही असते. पण जिनोआ बंदर होते. उत्तर इटलीचा माल तिथून बाहेर पडे आणि बंदराचे नाव पात्याला चिकटे. पुढे हा छाप ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्कने घेतला, झोलिंगनने घेतला, कॉकेशसने घेतला आणि भारताने तर भरभरून घेतला. अफगाणिस्तानपासून तंजावरपर्यंत देशी पात्यांवर तो सापडतो. म्हणजे एखाद्या तलवारीवर पापण्या दिसल्या म्हणून ती जिनोआची, असे म्हणणे धाडसाचे आहे. पुष्कळदा उलटेच खरे असते.

अक्षरांचेही तेच. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकात व्हेनिसच्या उत्तरेला बेल्लुनो गावात खरोखर होऊन गेलेला लोहार. त्याच्या मृत्यूनंतर शंभर-दीडशे वर्षे त्याच्या नावाची पाती बनत राहिली, झोलिंगनमध्ये, स्कॉटलंडच्या गिऱ्हाइकांसाठी. नाव कधी एका र-चे, कधी दोन र-चे, कधी भलतेच. ‘तोलेदो’ लिहिलेली पातीही तोलेदोत न घडलेली असत. स्पॅनिश गिऱ्हाइकाला स्पॅनिश नाव हवे, ते जर्मन लोहार देई. याच्याहून मोठा सापळा आकड्यांचा. कित्येक पात्यांवर १४१४ किंवा १४४१ असा आकडा असतो. तो पाहून मालक पाचशे-सहाशे वर्षांची तलवार सापडल्याच्या आनंदात असतो. तो सनाचा आकडा नाही. सतराव्या शतकातल्या झोलिंगनच्या पात्यांवर तो शुभ खूण म्हणून येतो, जसे आपल्याकडे वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ येते.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? देशी कारागिराने नक्कल केली की हात दिसतो. रोमन लिपी न येणाऱ्याने अक्षरे चित्रासारखी काढलेली असतात : एखादे उलटे, एखादे गाळलेले, दोन अक्षरांच्या मधली जागा विसंगत. युरोपातला ठसा ठोकलेला असतो, एका घावात, कडा सारख्या. नक्कल बरेचदा छिन्नीने टिपक्या-टिपक्यांनी कोरलेली असते. पन्हळी पाहाव्यात. युरोपच्या पात्यांत त्या नेमक्या, समांतर, ठरलेल्या जागी संपणाऱ्या असतात. हाताने घासलेल्या देशी पन्हळी थोड्या डुलतात. पाते मुठीकडून टोकाकडे जाताना जाडीला कसे उतरते, तेही पाहावे. आणि जिथे पृष्ठभाग खराब झालेला नाही तिथे पोलादाचा पोत पाहावा. जौहर दिसला तर पाते युरोपचे नाही. जौहर दिसला नाही म्हणून मात्र ते युरोपचे ठरत नाही, कारण आपल्याकडेही साध्या पोलादाची असंख्य पाती बनत. ॲलन विल्यम्स यांच्यासारख्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हा फरक पोटापर्यंत नेला. मुशीत वितळलेल्या पोलादात मळी जवळपास नसते, युरोपच्या भट्टीतल्या ठोकून जोडलेल्या पोलादात तिच्या बारीक रेषा राहून जातात. ही तपासणी निर्णायक, पण घरच्या तलवारीच्या नशिबी ती क्वचितच येते.

इतके सांगून झाल्यावर शिवरायांच्या तलवारीकडे आल्यावाचून गत्यंतर नाही, कारण महाराष्ट्रात फिरंगेच्या मुळाचा वाद खरा तिथेच पेटतो.

सातारकर छत्रपतींकडे पूजेत असलेली भवानी तलवार ग्रँट डफने पाहिली होती आणि १८२६ मध्ये छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याने ते पाते जिनोआचे, उत्तम प्रतीचे असल्याची नोंद केली. १६५९ साली गोवेलेकर सावंतांकडून ३०० होनांना एक फिरंग महाराजांकडे आल्याची हकिकत शिवकालावरच्या लेखनात वारंवार येते. दोन्ही गोष्टी जुळवून मोठमोठे निष्कर्ष काढले गेले आहेत. डफ सैनिक होता, हत्यारांची जाण त्याला असणार. पण पात्यावर नेमके काय पाहून तो जिनोआ म्हणाला, हे त्याने लिहिलेले नाही. वर पापण्यांच्या छापाबद्दल जे सांगितले ते लक्षात घेतले, तर त्याच्या नोंदीतून एवढेच हाती लागते, की पाते युरोपीय घाटाचे दिसत होते.

दुसरी तलवार कोल्हापूरची. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईत उतरला. त्या दौऱ्यात करवीरचे चौथे शिवाजी महाराज, तेव्हा वय अवघे बारा, यांच्याकडून त्याला एक तलवार नजर झाली. करवीरच्या शिलेखान्यातली ही ‘जगदंबा’ आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. १९८० च्या सुमारास बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना ‘भवानी परत आणा’ म्हणून जो गाजावाजा झाला, तो प्रत्यक्षात या जगदंबेभोवती होता. इंग्लंडमध्ये झालेल्या संग्रहाच्या सूचीत तिचे वर्णन बारकाईने दिले आहे : लांब, सरळ, एकधारी युरोपीय पाते, दोन पन्हळी, त्यातली एक जवळजवळ टोकापर्यंत गेलेली, आणि दोन्ही अंगांवर ‘आय एच एस’ ही अक्षरे तीन-तीनदा ठोकलेली.

ही अक्षरे म्हणजे येशूच्या नावाचे संक्षिप्त रूप. जेझुइटांच्या मुद्रेवरही तीच. शिवरायांच्या तलवारीवर येशूचे नाव, या कल्पनेने काही जण गडबडतात, काही जण त्यावरून कथा रचतात. वस्तुतः त्या अक्षरांचा पाते धरणाऱ्याच्या धर्माशी काडीचा संबंध नाही. युरोपातला लोहार ती धार्मिक खूण म्हणून ठोकत होता, गिऱ्हाईक ठरण्याच्या कितीतरी आधी. ती पाहून पाते पोर्तुगालचे म्हणावे, तर तेही टिकत नाही, कारण झोलिंगनच्या पात्यांवरही ही अक्षरे येतात. अक्षरांवरून एवढे नक्की म्हणता येते : पाते युरोपीय, आणि व्यापारातून आलेले. मुठीवरचे ठसठशीत सोन्याचे काम मात्र इथले. ती शिवरायांची होती का, याचा निर्णय पाते देणार नाही. तो कोल्हापूरच्या कागदांतूनच द्यावा लागेल.

कागद आणि तलवार यांची ताटातूट झाली की काय होते ते तंजावरात दिसले. व्यंकोजीराजांच्या वंशजांचे राज्य खालसा झाल्यावर तिथला प्रचंड शस्त्रसाठा इंग्रज सरकारने १८६३ च्या सुमारास निकालात काढला. निवडक नग मद्रासच्या संग्रहालयात गेले. उरलेली शस्त्रे मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकली. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हळहळत त्याबद्दल लिहिले आहे. त्यातली जी वाचली, त्यांच्यावर शस्त्रांचे अभ्यासक रॉबर्ट एल्गुड यांनी काम केले आणि युरोपची पाती दक्षिणेतल्या मुठींत किती मोठ्या प्रमाणावर बसवली गेली होती, ते समोर आले. पण कोणते पाते कोणाच्या हातात होते, कधी आले, कितीला घेतले, हे त्या ढिगाबरोबर गेले. नागपूरच्या फिरंगेचे मोल त्यामुळे अधिक वाटते. तिचे पाते युरोपचे, मूठ दख्खनची, आणि मालकाचे नाव व पात्याची जात दोन्ही तिच्याच अंगावर. असा नग शेकड्यात एखादा.

आपल्या संग्रहालयांतल्या पाट्या मात्र अजून ‘मराठा तलवार, १७-१८ वे शतक’ एवढ्यावर थांबतात. हे अपुरे आहे. पाते आणि मूठ, दोघांची ओळख वेगळी द्यायला हवी, छापाचे मोठे छायाचित्र शेजारी लावायला हवे आणि जिथे खात्री नाही तिथे ‘बहुधा’ लिहायला लाजू नये. पाते झोलिंगनचे निघाले म्हणून तलवार मराठ्यांची राहत नाही, ही भीती पोरकट आहे. ती विकत घेणारा, तिच्यावर मूठ चढवणारा आणि तिने लढणारा इथलाच होता.

राहता राहिली आपल्या घराघरांतली, देवघराच्या भिंतीवरची जुनी हत्यारे. खंडेनवमीला ती काढली जातात आणि हल्ली शिकलगाराऐवजी बफिंगच्या यंत्रावर चढतात. पाच मिनिटांत आरशासारखी चकाकतात आणि त्याच पाच मिनिटांत लांडगा, पापण्या, अक्षरे, जौहर, सगळे पुसून जाते. तेव्हा यंदा तलवारीला पॉलिश पेपर, विटेची पूड किंवा यंत्र लावू नका. कोरड्या सुती फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात द्या, मुठीजवळ पात्याच्या दोन्ही अंगांचे आणि पाठीचे तिरप्या उजेडात फोटो काढा, आणि ती घरात कोणाकडून आली हे ज्या आजी-आजोबांना माहीत आहे, त्यांच्याकडून लिहून घ्या.